तीन सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स आणि सेफ : जोडणीआधीची तयारी

प्रॉक्समॉक्स म्हणजे सर्व्हरवर व्हीएम (आभासी यंत्रं) चालवणारी आणि अनेक सर्व्हरचा एक क्लस्टर, म्हणजे गट, करणारी प्रणाली. गटातले सर्व्हर एकमेकांना निरोप देतात ते कोरोसिंकमधून. कोरोसिंकसाठी वेगळी वायर टाका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी करा. मागच्या वेळी मी नेमकं हेच सोडलं. सेफ (सगळ्या सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून डेटाच्या प्रती ठेवणारी साठवण) आणि कोरोसिंक दोन्ही एकाच १० गिगाबिटच्या जोडणीवर ठेवले, कारण रोजच्या कामात ती कधी भरेल असं वाटलंच नाही. आणि रोजच्या कामात ती भरलीही नाही. मग एक डिस्क बदलली. सेफने हरवलेल्या प्रती पुन्हा लिहायला घेतल्या, लाइन तुडुंब झाली, कोरोसिंकचे निरोप उशिरा पोचू लागले आणि प्रत्येक सर्व्हरने कोरम (गटातलं बहुमत) गेला असं धरलं. एचए (सर्व्हर पडला की त्याची व्हीएम दुसऱ्यावर आपोआप चालू करणारी सोय) चालू असताना कोरम गेलेला सर्व्हर सुमारे ६० सेकंदांत वॉचडॉग या टायमरमुळे स्वतःच रीबूट होतो. तिन्ही झाले. वर आल्यावर रिकव्हरी आणखी वाढलेली, लाइन पुन्हा भरलेली.

आता खरेदी. सर्व्हर तीन आणि शक्यतो एकसारखे. दोनच मिळणार असतील तर सेफच्या नादी लागू नका, डीआरबीडी (एका यंत्राच्या डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्यावर ठेवणारी पद्धत) बघा. तिथेही मत द्यायला तिसरं छोटं यंत्र हवंच, नाहीतर स्प्लिट-ब्रेन, म्हणजे दोन्ही यंत्रं स्वतःलाच मुख्य समजून वेगवेगळं लिहिणं, ठरलेलं.

एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्याच घ्या. सर्व प्रती डिस्कवर पक्क्या झाल्याशिवाय सेफ ‘लिहिलं’ असं कळवत नाही. आत कपॅसिटर असलेली डिस्क हे झटकन कळवू शकते, कारण लाइट गेली तरी कॅशमधला डेटा लिहून संपवण्यापुरती वीज तिच्यापाशी असते. लॅपटॉपमधल्या स्वस्त एसएसडीला दर वेळी खरंच आत लिहून व्हायची वाट बघावी लागते, आणि डेटाबेसवालं व्हीएम रांगायला लागतं. यूपीएस आहे म्हणून हा खर्च वाचवू नका; प्रश्न फक्त लाइटीचा नाही, वेगाचाही आहे. डिस्क एकत्र बांधून एकच दाखवणारं रेड कार्ड नको, डिस्क थेट दिसू देणारं एचबीए कार्ड हवं. रॅम मोजताना दर ओएसडीला (दर डिस्कमागे चालणारा सेफचा प्रोग्रॅम) ४ जीबी बाजूला काढा आणि उरलेल्या रॅममध्ये तिन्ही सर्व्हरची व्हीएम दोघांवर मावतात का ते बघा.

जागेचा हिशोब इथेच करा, कारण तो सगळ्यांचा चुकतो. प्रत्येक सर्व्हरमध्ये २ टीबीच्या ४ डिस्क, म्हणजे एकूण २४ टीबी. तीन प्रती, म्हणजे हाती ८. पण सर्व्हर तीनच असल्याने प्रत्येकावर एक पूर्ण प्रत असते. एक डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर, म्हणजे ६ टीबीत मावायला हवा. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतो, ९५ ला लिहिणंच थांबवतो. तेव्हा ५ टीबीच्या वर भरायचं नाही. साहेबांना ८ सांगाल तर ते ८ भरतील. एक गेली तर उरलेल्यांवर मावावं म्हणूनच दर सर्व्हरला दोन मोठ्या डिस्कपेक्षा चार लहान बऱ्या.

नेटवर्क. सेफला १० गिगाबिट किमान. स्विच परवडत नसेल तर दोन पोर्टची कार्डं घेऊन तिन्ही सर्व्हर एकमेकांना थेट जोडा, तीन यंत्रांत ते उत्तम चालतं. आणि कोरोसिंक वेगळं. वेगळं म्हणजे वेगळं पोर्ट आणि वेगळी केबल. त्याच पोर्टवर दुसरा व्हीएलॅन (त्याच वायरवरचं आभासी नेटवर्क) काढणं म्हणजे वेगळं करणं नव्हे, कारण भरते ती वायरच. कोरोसिंकला रुंदी लागत नाही, मदरबोर्डवरचं १ गिगाबिटचं पोर्ट आणि साधा स्विच पुरतो. त्याला हवा असतो वेळेवर पोचणारा निरोप, ५ मिलिसेकंदांच्या आत. कोरोसिंकची दुसरी लिंक मॅनेजमेंटच्या नेटवर्कवर राखीव ठेवा. ‘सध्या एकत्र ठेवू, मग वेगळं करू’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. चालू क्लस्टरवर हे बदलायला रात्र जागावी लागते आणि ती रात्र पुढे ढकलली जाते.

एमटीयू (नेटवर्कवरच्या एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० करणार असाल तर सगळीकडे करा, स्विचवरही. साधा पिंग जातो म्हणून फसू नका. तुकडे न करता ८९७२ बाइटांचा पिंग जातो का ते बघा.

बसवणी. तिन्ही सर्व्हरवर क्रोनी (घड्याळं जुळवणारा प्रोग्रॅम) चालू, घड्याळात ०.०५ सेकंदाचा फरक पडला तरी सेफचे मॉनिटर (साठवणीच्या स्थितीची नोंद ठेवणारे प्रोग्रॅम) कुरकुरतात. प्रत्येक सर्व्हरवर एक मॉनिटर. पूल (सेफमधला साठा) ३/२ : प्रती तीन, लिहिणं चालू राहायला किमान दोन. जागा वाचवायला २/१ करू नका, करूच नका. एकाच प्रतीवर लिहिणं चालू असताना तीच डिस्क गेली की डेटा गेला. व्हीएमच्या डिस्कला डिस्कार्ड (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं कळवणारी सोय) चालू, नाहीतर आत पुसलेली जागा पूलला परत मिळत नाही.

एचए सगळ्यात शेवटी. त्याआधी चाचणी : भरपूर डेटा टाका, एक डिस्क ओढून काढा आणि रिकव्हरी जोरात असताना कोरोसिंकचा लॉग बघा. लिंक तुटल्याची एकही ओळ दिसली तर वायरिंग चुकलंय, पुढे जाऊ नका. मग १० गिगाबिटची केबल काढा, मग एका सर्व्हरची वीज.

डागडुजीआधी नोआउट (सर्व्हर बंद असताना सेफने प्रती पुन्हा लिहायला घेऊ नयेत अशी खूण) लावा, नंतर काढा. इशारे मेलवर. बॅकअप वेगळ्या यंत्रावर. सेफमध्ये चुकून पुसलेली फाइल तिन्ही प्रतींतून पुसली जाते. एक व्हीएम रिस्टोअर करून चालू होतंय का तेही बघा.