वृद्धाश्रमातलं औषधाचं कपाट

औषधाचं कपाट लावायचं ते रात्रपाळीच्या नव्या मुलीसाठी. जुन्या सिस्टरला सगळं तोंडपाठ असतं, पण ती रजेवर गेली की त्याचा काय उपयोग?

आधी कपाट स्वयंपाकघरातून हलवा. पाणी हाताशी म्हणून बरेच जण तिथेच ठेवतात. पण शेगडीची धग, वाफ आणि आमच्या कोकणात पावसाळाभर भिंतीला सुटणारी ओल, यात गोळ्या मऊ पडतात. ऊन न येणारी कोरडी खोली बघा. कुलूप हवंच, आणि किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कमरेला. खिळ्यावर टांगायची असेल तर कुलूप तरी कशाला?

प्रत्येकाचा डबा वेगळा. त्यावर पूर्ण नाव, खोली आणि फोटो. एकाच नावाच्या दोन आजी कुठेही निघतात. गोळी पाकिटातच राहू द्या, आणि पाकीट कापताना मुदत छापलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. संधिवाताची मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ती रोजच्या गोळ्यांत ठेवूच नका. वेगळ्या पाकिटावर ठळक अक्षरात वार लिहा. रोज दिली गेली तर जिवावर बेततं.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर नकोच. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं, दिसायला कितीही स्वच्छ असो. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत. उघडल्याची तारीख त्यावर घाला. बऱ्याच इन्सुलिनना तिथून २८ दिवस मिळतात, तरी माहितीपत्रक वाचा. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा टिपा. वीज गेली की दार उघडून बघायचा मोह आवरा.

सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरची तातडीची गोळी, मात्र कुलपात नको. छातीत कळ आल्यावर किल्ली कोण शोधणार? ती सिस्टरच्या टेबलाच्या खणात, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. उलट मॉर्फिनसारखं औषध दुहेरी कुलपात. पाळी बदलताना दोघींनी मोजून सह्या करायच्या.

मुलगा भेटायला येताना पिशवीभर औषधं आणतो. चिठ्ठीशी ताडल्याशिवाय एकही गोळी डब्यात जाऊ देऊ नका. ब्रँड वेगळा, आतलं औषध तेच, असं हमखास निघतं आणि डोस दुप्पट होतो.

कुणी आजोबा गेले की त्यांचा डबा त्याच दिवशी रिकामा करा. "महागडी आहेत हो, दुसऱ्या कुणाला द्या," असं घरचे कळवळून सांगतात. हात जोडून नाही म्हणा, वहीत नोंद करा आणि मुदत संपलेल्या औषधांबरोबर वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका.