वाढत्या मुलांच्या घरात मोठी आवराआवर कशी करावी

मोठी साफसफाई दिवाळीतच करावी, हा सल्ला ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुले नाहीत त्यांनी खुशाल पाळावा. दिवाळीआधी मुलांची सहामाही असते आणि जूनमध्ये घेतलेल्या वह्या-पुस्तकांपैकी काहीच घराबाहेर काढता येत नाही. आम्ही नाशिकला हे काम मे महिन्यात करतो. तेव्हा निकाल हाती आलेला असतो, जुना गणवेश अंगाला होईनासा झालेला असतो, शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असते आणि गच्चीवर टाकलेल्या गाद्या-गोधड्यांना कडकडीत ऊन मिळते. मग दिवाळीला जळमटे, पंखे आणि फरशी एवढेच उरते.

वरून खाली यावे आणि फरशी शेवटी घ्यावी, हे कोणी सांगायला नको. स्वयंपाकघराला एक सकाळ पुरते. न्हाणीघर आणि संडास मात्र मोठ्यांनीच धुवावेत आणि ब्लीचिंग पावडर व अ‍ॅसिड कधीही एकत्र वापरू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

खरी कसोटी मुलांच्या वस्तूंची असते, आणि तिथे मी स्वतः सपशेल चुकले आहे. धाकटा आठ वर्षांचा असताना तो मामाकडे गेल्याची संधी साधून मी त्याची खोली एका दुपारीत लख्ख केली. भंगारात गेलेल्या वस्तूंमध्ये पतंगाचा दोरा गुंडाळायची एक आसारी, म्हणजे फिरकी, होती. तिची एक काडी मोडलेली होती, पण ती आजोबांनी येवल्याहून आणलेली होती. तो रडला नाही. त्याऐवजी पुढची दोन वर्षे त्याने खोलीतून एक कागदही बाहेर जाऊ दिला नाही. पलंगाच्या बॉक्समध्ये, उशीच्या अभ्र्यात, दप्तराच्या तळाशी तो वाट्टेल ते लपवू लागला. मुलाच्या पाठीमागे एक वस्तू टाकली की त्याला उरलेल्या सगळ्याच वस्तूंची राखण करावीशी वाटते आणि पसारा उलट वाढतो. म्हणून मुलांची खोली मुले घरी असतानाच उघडावी; ते शक्य नसेल तर तिला हात लावू नये.

दुसरी चूक प्रश्नाची. एकेक वस्तू हातात धरून ‘हे हवे का?’ असे विचारले, तर उत्तर ‘हो’ असेच येते, कारण हातात धरलेली प्रत्येक गोष्ट प्रिय वाटते. आम्ही प्रत्येक मुलाला द्राक्षांचा एक रिकामा खोका देतो. हंगाम नुकताच संपलेला असल्याने नाशिकमध्ये तो कोणत्याही फळवाल्याकडे मिळतो. आठवण म्हणून जपायच्या वस्तू त्यात मावतील तेवढ्याच, आणि त्या मुलाने निवडायच्या. खोका भरल्यावर नवी वस्तू ठेवायची असेल तर जुनी एक काढावी लागते. त्याने दगड निवडले तर दगड ठेवावेत. तिथे आपली अक्कल चालवू नये, हे मला फार उशिरा कळले.

सुरुवात कपड्यांपासून करावी. तेथे वाद नसतो, कारण निर्णय शरीरच देते. थोरलीचे कपडे धाकट्याने घालावेत असे आपण गृहीत धरतो, पण त्यालाही विचारावे. मग पुस्तके, आणि आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी, मुलांना निवडण्याची सवय झाल्यावर. बसायचे सकाळी, आणि दोन तासांपेक्षा जास्त नाही. संध्याकाळी दमलेल्या मुलांशी आणि दमलेल्या आईबापांशी हे काम भांडणातच संपते. ‘वर्षभर वापरले नाही ते टाकावे’ हा लोकप्रिय नियम मुलांच्या बाबतीत निरुपयोगी आहे: गेल्या महिन्यापर्यंत घातलेले बूट आज लहान होतात, आणि संक्रांतीलाच लागणारी आसारी अकरा महिने नुसती पडून असते.

पाठ्यपुस्तके कोणाला देण्यापूर्वी अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे पाहावे. राज्य मंडळाच्या शाळांत पहिलीचा २०२५-२६ पासून बदलला आहे. २०२३-२४ मध्ये वहीची पाने जोडलेली पुस्तके आली होती, ती मुलांनी लिहून भरवलेली असतील तर सरळ रद्दीत घालावीत. वह्यांची कोरी पाने काढून बाइंडिंग करून घेतली, की कच्च्या कामाची वही तयार होते.

बाहेर काढलेले सारे त्याच दिवशी घराबाहेर गेले पाहिजे. जुने कपडे बोहारणीला द्यावेत, मात्र ती पातेल्याचा भाव सांगू लागली की घाई करू नये. ओला आणि सुका कचरा घंटागाडीत वेगळा द्यावा. संपलेले सेल, फुटकी ट्यूबलाइट आणि मुदत उलटलेली औषधे हा घरगुती घातक कचरा असल्याने त्यांची पिशवी स्वतंत्र करून गाडीवरच्या माणसाला तसे सांगावे. ‘नंतर बघू’ असे म्हणून एकही पिशवी दाराआड ठेवू नये. आमच्याकडे अशी एक पिशवी गणपतीपर्यंत तिथेच होती.

खोक्यावर मुलाने स्वतःच्या अक्षरात नाव आणि साल लिहावे, आणि तो माळ्यावर पुढच्या बाजूला ठेवावा. पुढच्या मे महिन्यात नवा खोका आणायचा नाही. हाच खाली काढून पुन्हा निवडायचा.