ट्यूबलेस करताय? मग आधी टेप नीट लावा

पुण्याच्या टेकड्यांवर माउंटन बाइक घालणाऱ्याला ट्यूबलेस कशासाठी, हे समजावत बसावं लागत नाही. वेताळ टेकडी असो की तळजाई, बाभळीचे काटे बारा महिने. पावसाळा ओसरला की वाटेच्या कडेला वाळलेले सराटे, आणि त्या सगळ्याखाली सुटा मुरूम नि बेसाल्टचे धारदार दगड. काट्यांनी ट्यूब जाते आणि दगडांवर पकड सुटते. ट्यूबलेसचा, म्हणजे ट्यूब काढून हवा थेट टायरमध्ये भरण्याचा, उपयोग दोन्हीला होतो. तेव्हा थेट कामाला लागू. टायर काढणं, ट्यूब बदलणं तुम्हाला येतं असं धरून चालते.

एक अट मात्र आधीच. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेस रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय चालण्यासाठीच बनवलेले हवेत. साध्या रिमवर टेपचे थरावर थर चढवून, तारेच्या कडेचा जुना टायर बसवून "चालतंय की!" म्हणणारे भेटतील. डांबरी रस्त्यावर चालतंही. पण टायरची कड जागेवर धरून ठेवणारी घडण त्या रिमला नसते. कमी हवेत, उतारावरच्या वळणात कड सुटली तर तुम्ही जमिनीवर असाल. रिम तसली नसेल तर पैसे साठवा, तोवर ट्यूबवर चालवा.

सामान थोडकंच: ट्यूबलेस टेप (रिममधली आरीची, म्हणजे स्पोकची, भोकं झाकणारी), आतली सुई काढता येणारे दोन प्रेस्टा (सायकलचे बारीक) व्हॉल्व्ह, सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारा पातळ द्रव), आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज आणि उभा पंप.

आता टेप. लोक इथेच हरतात आणि दोष सीलंटला देतात. रात्री भरलेली हवा सकाळी गेली की आणखी सीलंट ओता, महागडं सीलंट आणा, असले सल्ले मिळतात. सीलंट टायरमधलं भोक बुजवतं. टेपखालून आरीच्या भोकांकडे निघालेल्या हवेपुढे त्याचं काही चालत नाही. उलट ते टेपखाली शिरतं, गोंद सोडवतं आणि गळती वाढवतं. मी स्वतः बराच काळ इथेच अडकले होते, म्हणून हा भाग सावकाश सांगते.

टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३ ते ५ मिमी जास्त घ्या. रिम आतून २५ मिमी असेल तर २८ किंवा ३० ची टेप. आतल्या रुंदीइतकीच घेतली तर मधल्या खोलगट भागात उतरताना टेप दोन्ही बाजूंनी अपुरी पडते आणि काठ उघडे राहतात. टेप एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे, पण भिंतीवर चढता कामा नये. घरातली इन्सुलेशन टेप किंवा पार्सलची चिकटपट्टी अजिबात नको. दुकानातून 'ट्यूबलेस करून' आणलेल्या चाकात काळी इन्सुलेशन टेप निघालेली मी पाहिली आहे. ती ताणली जाते, एप्रिलच्या उन्हात तिचा गोंद सरकतो आणि भोकावरची टेप हवेच्या दाबाने आत खचते.

जुनी टेप काढल्यावर उरलेला गोंद खरवडा आणि रिम अल्कोहोलने पुसा. एकदा पुसून भागत नाही. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसा आणि पूर्ण वाळू द्या. नंतर रिमला आतून बोट लावू नका, हाताचा तेलकटपणाही टेप सुटायला पुरतो. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, मागे तेलकट थर राहतो.

सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकाच्या अलीकडे वीतभर अंतरावर करा आणि पूर्ण फेरा मारून भोकाच्या पलीकडे वीतभर जाऊन थांबा. व्हॉल्व्हपाशी दोन थर आपोआप येतात, आणि तिथेच ते हवेत. चाक मांडीवर आडवं नको. स्टँडला लावा किंवा सायकल उलटी करून चाक फ्रेममध्येच राहू द्या. टेप जोरात ताणत, वीतभर लावायची, मग अंगठ्याने मधून काठाकडे दाबत न्यायची आणि मग पुढची वीत. ताण सैल पडला की मधल्या खोलगट भागावर टेप पुलासारखी तरंगते. ती तशीच राहिली तर हवा भरताना एका बाजूने उचकटते. बुडबुडा किंवा सुरकुती काठापर्यंत गेली असेल तर ती टेप काढून टाका आणि नवी लावा. उचकटलेली परत चिकटवण्याची काटकसर करू नका.

व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने फुलीसारखं कापायला सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ऐकू नका, फुलीचे कोपरे पुढे फाटत जातात. दाभण किंवा बारीक खिळा गॅसवर तापवा, पक्कडीत धरा आणि भोकाच्या बरोबर मध्यावर टेकवा. टेप वितळून गोल भोक पडतं आणि त्याची कड बंद होते. ते व्हॉल्व्हपेक्षा थोडं लहानच हवं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. प्रेस्टा व्हॉल्व्हची साधी ट्यूब घालून टायर चढवा, ३५ पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि रात्रभर ठेवा. ट्यूब टेपला सगळीकडून दाबते आणि घडी घालून आलेला टायरही आकार धरतो. सकाळी टायरची फक्त एक कड सोडवा, ट्यूब ओढून काढा आणि ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवा. त्याची चकती हातानेच घट्ट करा. पक्कडीने आवळली तर उद्या टेकडीवर ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती निघणार नाही.

दुसरी कड आधीच बसलेली असल्याने पुढचं काम सोपं आहे. काठांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हची सुई काढा आणि जोरात पंप मारा. टक्-टक् आवाज करत कड बसते. टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. बसलीच नाही तर गल्लीतल्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आहे, अडॅप्टर लावून. पण नळी तुम्ही धरा आणि रिमवर व टायरवर लिहिलेल्या मर्यादांपैकी लहान आकडा ओलांडू नका. त्याचा हात ट्रकच्या टायरवर बसलेला असतो.

सीलंट घालण्याआधी सुई लावून हवा भरा आणि चाक पाण्यात बुडवून बघा. टायरच्या काठाशी किंवा रबरातून बारीक बुडबुडे आले तर काळजी नाही, ते सीलंट सांभाळतं. आरीच्या टोकापाशी किंवा व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे आले तर टेप गळतेय. पुन्हा टेप.

आता सीलंट. २९ इंची, २.३ इंच रुंद टायरला १०० ते १२० मिली. बाटली भरपूर हलवा, हवा सोडून व्हॉल्व्हची सुई काढा, सिरिंजने व्हॉल्व्हमधून घाला, सुई परत लावा, हवा भरा. चाक फिरवून एकेका बाजूवर थोडा वेळ आडवं ठेवा आणि लगेच एक चक्कर मारा.

पकडीचा प्रश्न हवेच्या दाबापाशी सुटतो. ट्यूब असताना स्नेकबाइटच्या (दगड आणि रिममध्ये चिमटून ट्यूबला पडणाऱ्या जोडभोकांच्या) भीतीने लोक ३५ ते ४० पीएसआय भरतात. इतका कडक टायर सुट्या मुरमावर उडत राहतो आणि जमिनीला टेकतो कमी. ट्यूब गेली की ती भीती गेली. साधारण ७० किलो वजनाला, २.३ च्या टायरवर, पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पासून सुरुवात करा. मग एकेक पीएसआय कमी करत जा. दगडावर रिम ठक्कन लागली की दोन वाढवा. वळणात टायरने काठातून फस्सकन हवा सोडली तरी तेच. दरवेळी एकाच गेजने मोजा, दोन पंपांचे आकडे क्वचितच जुळतात. पावसाळ्यातल्या ओल्या दगडांवर मी आणखी एखादा पीएसआय उतरवते. टेकडीपर्यंतचा डांबरी रस्ता थोडा जड जातो, जाऊ दे.

पुण्याच्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. सुई काढून व्हॉल्व्हमधून पातळ केबल टाय आत बुडवा. कोरडा निघाला तर ५०-६० मिली घाला. चाक हलवल्यावर आत गोळा खडखडत असेल तर टायर उघडून साफ करा.

ट्यूबलेस झालं म्हणून सुटी ट्यूब घरी ठेवू नका. कडेला दगडाने चीर पडली की प्लगही (भोकात खुपसायची रबरी पट्टी) पुरत नाही, ट्यूबच लागते. आणि ती घालण्याआधी टायर आतून फडक्याने चाचपा. सीलंटच्या जिवावर गाडी चालत असल्याने कळलेलं नसतं, पण आत काट्यांची टोकं निघालेली असतात. ती तशीच ठेवून ट्यूब भरली तर दहा पावलांत बसते. नुसतं बोट फिरवू नका, बाभळीचा काटा बोटात मोडला की तिथे उपटायला काही नसतं.