महापालिकेकडून काम करून घ्यायचंय? लिलियन वॉल्डची पद्धत वापरून बघा

निवेदन द्यायचं, नगरसेवकासोबत फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, पुढे काही होत नाही, हे आपण सगळेच बघतो. न्यूयॉर्कच्या लिलियन वॉल्डने 1902 मध्ये जे केलं ते मला जास्त पटतं. ज्यू घरातली ही नर्स 1893 मध्ये लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत नुसती काम करायला नाही तर राहायलाच गेली.

तुम्हाला राहायला जाणं जमणार नाही, पण निदान घरोघरी फिरा, कारण खरा घोळ तिथेच कळतो. तिथल्या शाळांत डॉक्टर यायचे, खुपऱ्या, खरूज, उवा असलेली पोरं शोधून घरी पाठवायचे आणि झालं काम, उपचार कोणीच करायचं नाही, मग तीच पोरं शाळा सुटल्यावर त्याच मित्रांबरोबर रस्त्यावर खेळायची!

आता मागणी करताना एकदम मोठी योजना मागू नका. वॉल्ड म्हणाली माझ्या संस्थेतली एक नर्स देते, एक महिना, ट्रायल म्हणून. पण त्याआधी अधिकाऱ्यांकडून शब्द घेतला की प्रयोग जमला तर नर्सला पालिकेच्या पगारावर घ्यायला त्या अधिकाऱ्यांनी जोर लावायचा. ही स्टेप विसरलात तर तुम्ही जन्मभर फुकट राबणार आणि ऑफिसवाले निवांत, आपल्याकडे किती संस्थांचं हेच झालंय.

ट्रायलसाठी सोपी जागा निवडू नका. लीना रॉजर्स नावाच्या नर्सला ज्या चार शाळांतून सगळ्यात जास्त पोरं घरी पाठवली जात होती तिथेच दिलं, जवळपास 10,000 मुलं. ती शाळेतच औषध लावायची, नंतर घरी जाऊन आईला दाखवायची.

आणि आकडे पहिल्या दिवसापासून लिहा, आधीचे पण. 1902 च्या सप्टेंबरात 10 हजारांवर पोरं घरी पाठवली होती, पुढच्या सप्टेंबरात अकराशेच्या आसपास. पालिकेने तोपर्यंत पैसे देऊन आणखी नर्स घेतल्या होत्या.

कंपनीकडे जाताना मात्र भाषा बदला. 1909 मध्ये तिने मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला पॉलिसीवाल्यांच्या घरी नर्स पाठवायला तयार केलं, तिथे दयेचं कशाला बोलायचं, माणसं जास्त जगली की क्लेम कमी, एवढा हिशोब विमावाल्यांना लगेच कळतो.