आधी स्लाइड, मग इंजेक्शन

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून बेळगावात बी.फार्म.ला आलो. पुढे एम.फार्म.ला प्रकल्प मिळाला तो किरणोत्सार दिलेल्या उंदरांवर जी-सीएसएफचा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी वाढवणाऱ्या प्रथिनाचा. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "उंदरांना सुई टोचायला एवढं शिकलास?"

या विषयात येणारी नवी मुलं सुरुवात कुठून करू विचारतात. मी सांगतो, लेश्मन नावाच्या रंगाने रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडवर पेशी मोजायला शीक. किरणोत्साराने अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर, होरपळते. आधी लिम्फोसाइट घटतात, मग न्यूट्रोफिल (या दोन्ही पांढऱ्या पेशी) आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट. जी-सीएसएफ नवी मज्जा घडवत नाही, उरलेल्या पेशींना न्यूट्रोफिल बनवायची घाई लावतं. मज्जेत काहीच उरलं नसेल तर ते कुणाला हाक मारणार? आणि उंदराच्या रक्तात मुळातच लिम्फोसाइट जास्त असतात; माणसाचे आकडे डोक्यात धरून बसलात तर पहिल्याच दिवशी फसाल.

मी फसलो प्लेटलेटमध्ये. दहाव्या दिवशी आकडा पडलेला दिसला, अपेक्षेप्रमाणेच, म्हणून खुशीत वहीत लिहिला. सरांनी किरणोत्सार न दिलेल्या उंदराचा आकडा विचारला. तोही पडलेला! रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए रसायनाची नळी मी नीट हलवलीच नव्हती; रक्त गोठलं होतं आणि प्लेटलेट गुठळीत अडकल्या होत्या. तो आठवडा वाया गेला.

दुसरी खोच: माणसाचं जी-सीएसएफ उंदरात चालतं, पण माणसाचं जीएम-सीएसएफ, म्हणजे त्याच जातीचं दुसरं प्रथिन, चालत नाही. मागवण्याआधी हे बघा, पैसे वाचतील.

माणसांना मुद्दाम किरणोत्सार देता येत नाही, म्हणून अमेरिकेत 2015 साली फिल्ग्रास्टिमला (औषध म्हणून बनवलेलं जी-सीएसएफ) किरणोत्सार झालेल्यांवरच्या उपचारासाठी मंजुरी मिळाली ती प्राण्यांवरच्या पुराव्यावर. माकडांना किरणोत्साराची सुमारे 7.5 ग्रे (किरणोत्सार मोजायचं एकक) मात्रा देऊन दुसऱ्या दिवसापासून किलोमागे रोज 10 मायक्रोग्रॅम औषध दिलं. 60 दिवसांनी औषधवाली 79 टक्के जगली, बिनऔषधाची 41. आपल्याकडे प्राणी-नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय उंदराला हातही लावता येत नाही. तो अर्ज आधी भरा, वेळ खातो.

इंजेक्शन रोज, रविवारीसुद्धा. पेगफिल्ग्रास्टिमचा, म्हणजे याच औषधाच्या जास्त टिकणाऱ्या प्रकाराचा, एक डोस आठवडाभर पुरतो, पण आमच्या वाट्याला रोजचंच आलं. त्या वर्षी गावची जत्रा मी फोनवरच ऐकली.