बातमी लागली आणि ठाण्यातून फोन आला, तर काय करायचं

वाळूची, रेशनची नाहीतर जलजीवनच्या कामाची बातमी लागली की ठाण्यातून फोन येतो, साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा. आपल्या मराठवाड्यात तालुक्याचा बातमीदार बहुतेक एकटाच, धड पगार नाही, पेपरचं ओळखपत्र असलं तर असलं, मग तो घाबरून गाडीला किक मारतो अन् निघतो. तसं निघू नका. लेखी नोटीस द्या म्हणा. बीएनएसएस म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा, त्यात आरोपी म्हणून हजर राहायला सांगायचं तर कलम ३५ ची नोटीस, साक्षीदार असाल तर १७९, कागद किंवा वस्तू पाहिजे असंल तर ९४. कलम बघितलं की कशासाठी बोलवायलेत ते कळतं. पण लेखी आली की टाळायची नाही, ३५ च्या नोटिशीला गेलं नाही तर अटकेला आयतं कारण मिळतं. वकील गाठा, घरी सांगा, मग जा.

खरी काळजी मोबाईलची, कारण त्यात आपल्यापेक्षा माहिती देणाऱ्याचा जीव अडकलेला असतो. कुण्या क्लार्कनं रात्री पाठवलेला एमबीच्या, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीच्या, पानाचा फोटो व्हॉट्सअॅपला तसाच पडून राहतो, पाठवणाऱ्याच्या नावासकट. हे रोजच्या रोज आवरायची सवय लावा, अशा माणसांशी सिग्नल अॅपवर बोला, मेसेज आपोआप उडतील असं सेटिंग ठेवा, आणि बोटाचं लॉक काढून लांब पिन टाका. पण एकदा नोटीस आली की काहीच डिलीट करायचं नाही, पुरावा नष्ट केला म्हणून वेगळा गुन्हा लागतो, म्हणून हे काम आधीचंच आहे. फोन जप्त केलाच तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय नंबर आणि सील लिहायला लावा, प्रत मागून घ्या, कलम १०५ प्रमाणं जप्तीचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक आहे हे ठामपणे सांगा.

बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे, त्यात पोलिसांना परस्पर अटक करता येत नाही, म्हणून मग खंडणी नाहीतर सरकारी कामात अडथळा लावतात. खंडणीपासून वाचायचं तर एक नियम पाळाच, ज्याच्यावर बातमी चालू आहे त्याच्याकडं जाहिरात मागायची नाही, दिवाळी अंकाची सुद्धा नाही. कमिशनवर घर चालतं हे मला माहितीये, तरी नाही. त्याची बाजू मेसेजवर लेखी मागा, एकट्यानं भेटू नका.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका असं सुप्रीम कोर्टानं २०१४ लाच अर्नेश कुमार निकालात बजावलंय. तरी उचललं तर अटकेची कारणं लेखी मागा, २०२४ मधे न्यूजक्लिकचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक याच मुद्द्यावर बेकायदा ठरली. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. खोटा गुन्हा रद्द करायला हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात बीएनएसएसच्या कलम ५२८ खाली जाता येतं. वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, फोन गेल्यावर कुणाचाच नंबर पाठ नसतो.

मारहाण झाली तर २०१७ चा महाराष्ट्राचा पत्रकार संरक्षण कायदा एफआयआरमधे लावायला सांगा, तो दखलपात्र अन् अजामीनपात्र आहे, तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही.

आणि जे नुसते वाचक आहेत त्यांनी बातमीची लिंक, कात्रण, व्हिडिओ सेव्ह करून ठेवा, पत्रकाराला बोलावलं त्या दिवशी चार-दोघं ठाण्याबाहेर शांतपणे थांबा, आणि गावच्या ग्रुपवर ही बातमी कुणी दिली असंल याचा अंदाज कृपा करून बांधत बसू नका.