स्वतःच्या पत्त्यावरचा मराठी ब्लॉग: उभारणी, मांडणी आणि जपणूक

कुणी फक्त घाटवाटांवर लिहितं, कुणी मोडी कागदपत्रांवर, कुणी एसटीच्या गाड्यांच्या बांधणीवर, कुणी गच्चीतल्या कुंड्यांमधल्या भाज्यांवर. यातल्या एकाही विषयाला कुठलं वर्तमानपत्र वर्षानुवर्षं जागा देणार नाही. स्वतंत्र ब्लॉगचं आकर्षण नेमकं इथे आहे: एका माणसाला एका गोष्टीचा ध्यास असतो आणि तो ती तपशिलात जाऊन, कुणाची परवानगी न घेता लिहितो. असं लेखन फेसबुकवर टाकलं तर महिन्याभरात शोधूनही सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर नाव गळतं आणि ‘लेखक अज्ञात’ होऊन तेच आपल्याकडे परत येतं. याहूचं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. त्यांच्यावरचं कितीतरी लेखन त्यांच्याबरोबरच गेलं. म्हणून ब्लॉग असा उभारावा की कंपनी बदलली तरी पत्ता आणि मजकूर आपल्याच हातात राहील.

आधी विषय, मग नाव

‘माझे विचार’ या नावाचे असंख्य ब्लॉग चार-पाच नोंदींनंतर थांबलेले दिसतात. विचार संपत नाहीत, पण पुढची नोंद कशावर लिहायची हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं आणि त्यातच दम जातो. विषय अरुंद असला की पुढची नोंद आपोआप समोर येते. ‘प्रवास’ नको, ‘नाशिक जिल्ह्यातले किल्ले’ घ्या. ‘पाककृती’ नको, ‘उपासाला न चालणारे पण कांदा-लसूण नसलेले पदार्थ’ घ्या. सुरू करण्याआधी कागदावर वीस नोंदींची शीर्षकं लिहून पाहा. बाराव्यालाच अडलात तर विषय फार अरुंद आहे. वीसही झरझर लिहून झाली आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर तो फार सैल आहे.

नोंद लिहिताना वाचक आजचा नाही असं समजा. तो सात वर्षांनी गूगलवरून थेट त्या पानावर येणार आहे. म्हणून ‘यंदा’, ‘परवा’, ‘गेल्या महिन्यात’ हे शब्द टाळा आणि महिना-वर्ष लिहा. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा एकत्र फुलते. ‘यंदा अमुक उतारावर कारवी बहरली’ ही ओळ पुढच्या बहराच्या वेळी निरुपयोगी ठरते. तिथे वर्ष, महिना आणि उताराचं नाव असेल, तर तीच ओळ पुढच्या फुलोऱ्याचा अंदाज बांधायला उपयोगी पडते.

मापांचंही तसंच. चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ असं लिहिलं तर प्रमाण कळतं. पण मोहन मात्र चमच्याने सांगितलं जातं, आणि वाटी लहान की मोठी हे माहीत नसेल तर तो चमचा चुकतो. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी पडलं की कडक होते. म्हणून वाटीत किती ग्रॅम तांदूळ मावतात ते एकदा वजन करून लिहा आणि बिघडलेल्या चकलीचं कारणही त्याच नोंदीत द्या. ‘चकली का विरघळते’ असं शोधत येणारा वाचक तुमच्या पानावर थांबेल.

जागा आणि पत्ता

लिहायला लगेच सुरुवात करायची असेल तर गूगलचा ब्लॉगर पुरेसा आहे: फुकट आहे आणि स्वतःचं डोमेन (म्हणजे ब्लॉगच्या पत्त्याचं स्वतंत्र नाव) जोडायलाही पैसे लागत नाहीत. वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट योजनेत स्वतःचं डोमेन जोडता येत नाही. तांत्रिक गोष्टींची भीती नसेल तर ह्यूगो किंवा इलेव्हन्टी वापरून साध्या मजकूर-फायलींपासून साइट बनवा आणि ती गिटहब पेजेस या सेवेवर ठेवा. टिकाऊपणात हा मार्ग सर्वांत भक्कम, कारण सगळं लेखन आपल्या संगणकावर साध्या फायलींत असतं.

ह्यूगोमध्ये भारतातल्या लेखकाला हमखास गाठणारी एक अडचण सांगून ठेवतो. पुढची तारीख-वेळ असलेली नोंद ह्यूगो प्रकाशित करत नाही. सकाळी दहाची वेळ नुसती टाकली तर ती ग्रिनिच वेळ धरली जाते, म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेतीन. नोंद चढवूनही दिसत नाही आणि माणूस तासभर भलतीकडेच चूक शोधत बसतो. वेळेपुढे अधिक ०५:३० लिहा किंवा कॉन्फिगच्या (साइटच्या सेटिंगच्या) फायलीत कोलकात्याचा टाइम झोन द्या. वर्डप्रेस आणि ब्लॉगरमध्येही टाइम झोन पहिल्याच दिवशी तपासा, नाहीतर पहाटेच्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते.

डोमेन घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ पासून मिळतं आणि दिसतंही सुंदर. पण अनेक अ‍ॅप त्याची नीट लिंक बनवत नाहीत आणि काही ठिकाणी ते अगम्य रोमन अक्षरांत दिसतं. तेव्हा मुख्य पत्ता रोमन ठेवा. हवं तर देवनागरी डोमेन घेऊन ते मुख्य पत्त्याकडे वळवा.

ब्लॉगरला डोमेन जोडण्याचा क्रम असा:

१. सेटिंगमध्ये ‘कस्टम डोमेन’ इथे सुरुवातीच्या तीन डब्ल्यूंसह पत्ता भरा. ब्लॉगर चूक दाखवेल आणि दोन ‘सीनेम’ नोंदी (डोमेन ब्लॉगरकडे वळवणाऱ्या ओळी) देईल.
२. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस (डोमेन कुठे वळायचं हे सांगणाऱ्या नोंदींच्या) पानावर त्या दोन्ही जशाच्या तशा भरा. दुसरी नोंद लांबलचक असते, तिचं एक अक्षर जरी सुटलं तरी जोडणी होत नाही.
३. परत येऊन जतन करा. झालं नाही तर काही तास थांबा. नोंदी पसरायला कधीकधी पूर्ण दिवस लागतो.
४. ‘रीडायरेक्ट डोमेन’ चालू करा. हे राहिलं तर तीन डब्ल्यूंशिवाय टाइप करणाऱ्याला पान सापडत नाही. डोमेन जिथून घेतलं तिथे त्यासाठी ‘ए’ प्रकारच्या नोंदीही भरायच्या असतात, त्या गूगलच्या मदत-पानावर आहेत.
५. एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) दोन्ही पर्याय चालू करा.

यानंतर ब्लॉगरने आधी दिलेला ब्लॉगस्पॉटचा जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो, त्यामुळे आधी पसरलेल्या लिंका तुटत नाहीत.

देवनागरीचे खास प्रश्न

बहुतेक मराठी ब्लॉग इथे मार खातात, कारण थीम (ब्लॉगच्या तयार मांडण्या) रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात.

पहिला प्रश्न नोंदीच्या पत्त्याचा. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एक आकडा टाकतो. शंभर नोंदींनंतर कोणता पत्ता कशाचा, हे तुम्हालाही कळत नाही. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण लिंक पाठवताना प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. ‘पुरणपोळी’ या एका शब्दात काना-मात्रांसह आठ चिन्हं आहेत, म्हणजे लिंकमध्ये बहात्तर. वर्डप्रेसची मर्यादा दोनशेची असल्याने साधारण बावीस देवनागरी चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी पर्मालिंकमध्ये (नोंदीच्या पत्त्याच्या सेटिंगमध्ये) दोन-तीन शब्दांचा रोमन पत्ता स्वतः लिहा. ब्लॉगरवर तो नंतर बदलला तर जुन्या लिंका मरतात. बदलणं भागच असेल तर ब्लॉगरच्या ‘कस्टम रीडायरेक्ट’मध्ये जुना आणि नवा, दोन्ही पत्ते भरा.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. मजकुरासाठी ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे फाँट चांगले, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. आकार १८ ते २० पिक्सेल, ओळींची उंची १.७ च्या आसपास. रोमनसाठी ठेवलेल्या १.३ किंवा १.४ वर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. शीर्षकांना तर अनेक थीम १.१ देतात, तीही वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सूचना थीममध्ये असेल तर ती शून्य करा, कारण तिच्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडलेले दिसतात. तिरपी अक्षरं टाळा. दोन्ही कडा सरळ करू नका, मराठीतल्या लांब शब्दांमुळे मध्ये भगदाडं पडतात.

पानाची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदवा. दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडर त्यावरूनच उच्चार निवडतो. ज्या फाँटमध्ये मराठी ल आणि श वेगळे दिलेले असतात, तिथे ब्राउझरही याच नोंदीवरून ते उचलतो.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र नीट यावा म्हणून खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असा क्रम टाइप करा. साध्या र ने लिहिलं की ‘दुसर्या’ असा रफार चढतो. शिवाजी, किरण, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं साहित्य तसंच चिकटवू नका. आधी युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) रूपांतर करा आणि जोडाक्षरं एकेक करून तपासा, रूपांतरात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

फोटो १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीचे करून चढवा. घरी काढलेल्या फोटोंतली स्थानाची माहिती काढून टाका, नाहीतर फोटोबरोबर घराचा ठावठिकाणाही जाऊ शकतो.

वाचक परत कसा येतो

फीड म्हणजे ब्लॉगच्या नव्या नोंदी वाचकाच्या अ‍ॅपमध्ये आपोआप पोचवणारी सोय. ती वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला आणि फीड संपली असा समज पसरला. फीड आजही चालते. फीडली, इनोरीडर, थंडरबर्ड यांत ब्लॉगचा पत्ता टाकला की नव्या नोंदी तिथेच येतात, मध्ये कुठल्याही कंपनीची निवड नाही. फीडमध्ये पूर्ण मजकूर द्या. ब्लॉगरमध्ये ‘साइट फीड’खाली ‘पूर्ण’, वर्डप्रेसमध्ये वाचन-सेटिंगखाली ‘पूर्ण मजकूर’. चार ओळी देऊन ‘पुढे वाचा’ म्हणणारी फीड लोक लवकर सोडतात.

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅप सोडायची गरज नाही. आधी ब्लॉगवर लिहा, मग तिथे दोन परिच्छेद आणि लिंक टाका. नोंदीच्या शेवटच्या वाक्याला जोडूनच स्वतःचं नाव आणि पत्ता लिहा, म्हणजे कुणी मजकूर उचलला तरी नाव-पत्ता बहुधा सोबत जातो. आणि स्वतःला आवडणाऱ्या दहा-पंधरा ब्लॉगांची यादी एका पानावर द्या, प्रत्येकापुढे तो का वाचावा याची एक ओळ. शोधयंत्रात मराठी ब्लॉग नेहमीच सहज वर येत नाहीत, ते बरेचदा अशा याद्यांमधूनच सापडतात.

जपणूक

दर तीन महिन्यांनी बॅकअप घ्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस, दोन्हींच्या निर्यातीत मजकूर आणि प्रतिक्रिया येतात. त्या मजकुराच्या फायलीत फोटोंच्या मात्र फक्त लिंका असतात, हे साइट गेल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. मूळ फोटो वर्षवार फोल्डरांत वेगळे ठेवा. महत्त्वाच्या नोंदी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्येही जतन करा, पत्ता चिकटवून एक बटण दाबायचं असतं.

दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा लिहिणं थांबलं तरी अधूनमधून खात्यात शिरत जा. त्याच खात्याच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये (खातं बराच काळ न वापरल्यास काय करायचं ते ठरवणाऱ्या सोयीत) घरातल्या विश्वासू माणसाचं नाव घाला. डोमेन सोडून द्यायचंच ठरलं तर आधी ब्लॉगरमधून ते काढा, म्हणजे ब्लॉग जुन्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर पुन्हा उघडा राहतो. सोडलेलं डोमेन जुगाराच्या साइटवाले उचलतात आणि इतरांनी तुमच्या नोंदींना दिलेल्या लिंका तिकडे जाऊ लागतात. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी नवा पत्ता सांगणारी नोंद सर्वांत वर ठेवा आणि ज्यांनी लिंका दिल्या आहेत त्यांना तो कळवा.